लुईस, टॉल्किन आणि श्रद्धेची बाजू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात साहित्य शिकवते. ख्रिस्ती श्रद्धेचं तर्काच्या आधारे केलेलं समर्थन आणि विसाव्या शतकातल्या इंग्रजी अद्भुतकथा यांचं एकमेकांशी नातं काय, हा माझ्या अभ्यासाचा विषय. व्याख्यान संपल्यावर, वर्गाबाहेर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक मला त्याबद्दल विचारतात आणि बहुतेक वेळा तेच प्रश्न असतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घाईने बोललं की चुकीचंच बोललं जातं.

तुमचा अभ्यास नेमका कशाचा?

श्रद्धेवर आक्षेप घेतले जातात. त्यांना 'आम्ही मानतो, बस' असं न म्हणता कारणं देऊन उत्तर देणं याला अपॉलोजेटिक्स म्हणतात. परंपरा जुनी आहे. दुसऱ्या शतकात जस्टिनने रोमन सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली होती. विसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हे काम ज्यांनी केलं ती माणसं पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. सी. एस. लुईसने नार्निया ही मुलांसाठीची अद्भुतकथांची मालिका लिहिली. जी. के. चेस्टरटनने फादर ब्राउनच्या रहस्यकथा लिहिल्या, आणि १९०८ सालच्या 'ऑर्थोडॉक्सी'त एक अख्खं प्रकरण परीकथांवर खर्च केलं. डोरोथी सेयर्स गुप्तहेरकथांची नावाजलेली लेखिका. तिने १९४१ मध्ये ख्रिस्ती त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या कल्पनेवरून कलानिर्मितीची उकल करणारं 'द माइंड ऑफ द मेकर' लिहिलं.

एकाच हाताने दोन्ही का लिहिलं, हा माझा प्रश्न. माझं म्हणणं असं की युक्तिवाद माणसाला 'हे खरं असू शकतं' इथपर्यंत नेतो. 'हे खरं असेल तर जगणं कसं असेल' हे तो दाखवू शकत नाही. ते गोष्ट दाखवते. म्हणूनच चांगली गोष्ट म्हणजे कडू गोळीवरचा साखरेचा थर नव्हे. तिचं काम स्वतंत्र आहे आणि ती गोष्ट म्हणून उभी राहिली तरच ते होतं.

लुईस आधी नास्तिक होता ना? मग बदलला कशाने?

होय, किशोरवयापासून कट्टर नास्तिक. जन्म १८९८ चा, बेलफास्टचा. आई लहानपणी गेली. पहिल्या महायुद्धात खंदकात लढला, १९१८ मध्ये जखमी झाला. पुढे ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात शिकवू लागला.

बदल एका दिवसात झाला नाही आणि निव्वळ वादातूनही झाला नाही. १९१६ मध्ये एका रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर त्याने जॉर्ज मॅक्डोनल्डची 'फँटास्टीज' ही १८५८ सालची अद्भुत कादंबरी विकत घेतली. त्या पुस्तकाने आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा केला, बाकीच्या 'मी'ला वेळ लागला, असं त्याने पुढे लिहिलं. बुद्धी अजून ठाम नास्तिक होती तेव्हा मन मात्र एका गोष्टीने हलवून ठेवलं होतं.

मग १९३१ चा सप्टेंबर. पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारा टॉल्किन आणि ह्यूगो डायसन हे दोघे मित्र रात्री कॉलेजच्या आवारात अ‍ॅडिसन्स वॉकवर त्याच्यासोबत फिरत बोलत होते. लुईसची अडचण ही की ख्रिस्ताचं मरण आणि पुनरुत्थान आपल्याला कसं लागू पडतं हे त्याला कळत नव्हतं. मित्रांचा मुद्दा साधा होता: मरून पुन्हा उठणाऱ्या देवांच्या कथा, बाल्डरची, अडोनिसची, वाचताना तुझं मन हेलावतं. तिथे तू 'याचा अर्थ काय' असं विचारत नाहीस. मग शुभवर्तमानातच, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातच, ते का अडतं? फरक इतकाच की ही कथा प्रत्यक्ष घडली. काही दिवसांनी भावाच्या मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसून तो व्हिप्सनेडच्या प्राणिसंग्रहालयाला निघाला. निघताना ख्रिस्त हा देवाचा पुत्र आहे असं तो मानत नव्हता, पोहोचला तेव्हा मानत होता. वाटेत काही फार मोठा विचार केला असंही नाही, असं तोच सांगतो.

म्हणजे बाकीच्या सगळ्या पुराणकथा खोट्या?

लुईस असं म्हणत नाही. त्याच्या मते त्या सत्याची झलक आहेत, माणसाच्या कल्पनेवर पडलेला खरा प्रकाश आहेत. त्याच्या आधीच्या अनेक मिशनऱ्यांपेक्षा ही भूमिका कितीतरी उदार आहे. पण पुण्यातल्या श्रोत्यांपैकी कुणीतरी नेहमी विचारतं, 'म्हणजे आमची परंपरा तुमच्या ग्रंथाची प्रस्तावना?' हा आक्षेप मला रास्त वाटतो. लुईसच्या चौकटीत त्याला पुरेसं उत्तर नाही, आणि ते आहे असं भासवणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

'खोटारडा, वेडा किंवा प्रभू' हा युक्तिवाद तुम्हाला पटतो का?

अर्धा. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४४ या काळात, लुईसने बीबीसीवर भाषणं दिली. त्यांचंच पुढे १९५२ मध्ये 'मिअर ख्रिश्चॅनिटी' हे पुस्तक झालं. त्यातला हा सर्वांत गाजलेला मुद्दा. येशू हा थोर नीतिशिक्षक होता, पण देव नव्हता, ही सोयीची वाट लुईस बंद करतो. जो माणूस लोकांच्या पापांची क्षमा करण्याचा अधिकार सांगतो तो एकतर खोटं बोलतोय, नाहीतर भ्रमिष्ट आहे, नाहीतर खरं बोलतोय.

इंग्रजी वाचक लगेच चौथा पर्याय काढतात: ही वाक्यं येशूच्या तोंडी नंतर घातली गेली असतील तर? त्यामुळे शुभवर्तमानं ऐतिहासिकदृष्ट्या किती विश्वसनीय आहेत हा वाद आधी मिटवावा लागतो, आणि लुईसचा हा परिच्छेद एकट्याने तो मिटवत नाही.

मराठी वाचकाची अडचण वेगळी आहे. 'अहं ब्रह्मास्मि' ऐकत वाढलेल्या माणसाला कुणी 'मी देव आहे' म्हटलं तर त्यात वेडेपण दिसत नाही. अवताराची कल्पना तर आपल्या घरचीच. गंमत म्हणजे लुईसला हे ठाऊक होतं. त्याच भाषणात तो म्हणतो की भारतीयांसारख्या सर्वेश्वरवादी लोकांत कुणीही स्वतःला देवाचा अंश म्हणू शकेल, त्यात नवल नाही; पण हा माणूस ज्यू होता. ज्यूंचा देव जगाबाहेरचा, जग निर्माण करणारा. त्या समाजात हे विधान अंगावर येणारं होतं. म्हणजे या युक्तिवादाचं बळ संदर्भात आहे. तो उचलून जसाच्या तसा सदाशिव पेठेत आणला तर लंगडा पडतो, आणि आणणाऱ्याने तेवढी मेहनत घ्यायला हवी.

हाच युक्तिवाद गोष्टीत कसा दिसतो ते पाहण्यासारखं आहे. १९५० सालच्या पहिल्या नार्निया पुस्तकात लूसी सांगते की कपाटातून पलीकडे गेल्यावर बर्फाचा देश लागतो. तिच्यासारखाच तिथे जाऊन आलेला भाऊ एडमंड मात्र ते नाकारतो. मोठी भावंडं, पीटर आणि सुझन, काळजीने प्रोफेसरांकडे जातात. प्रोफेसर ऐकून घेतात आणि विचारतात: तुमच्या अनुभवात जास्त खरं कोण बोलतं, लूसी की एडमंड? लूसी. ती वेडी दिसते का? नाही. मग दुसरा पुरावा मिळेपर्यंत ती खरं बोलतेय असं धरायला हवं. आणि हल्ली शाळांत तर्कशास्त्र का शिकवत नाहीत, असं पुटपुटतात. तीच तीन कलमं. पण इथे मुद्दा सिद्धान्तावरून माणसावर येतो: ज्या व्यक्तीला तू ओळखतोस तिच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा? मला हे रूप भाषणातल्या रूपापेक्षा खोल वाटतं, कारण श्रद्धेत बहुतेक वेळा खरोखर हाच प्रश्न असतो.

अँस्कम्बशी वाद हरल्यावर लुईसने तर्क सोडला आणि मुलांच्या गोष्टींकडे वळला, हे खरं का?

हा प्रश्न इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी हमखास विचारतात. थोडं विस्ताराने सांगते.

१९४७ मध्ये लुईसचं 'मिरॅकल्स' आलं. त्यात त्याचं म्हणणं होतं की सगळे विचार निव्वळ भौतिक कारणांनी होत असतील तर त्यांच्यावर विश्वास ठेवायला आधार उरत नाही. आणि 'निसर्गापलीकडे काही नाही' हाही एक विचारच. फेब्रुवारी १९४८ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉक्रेटिक क्लबात, म्हणजे श्रद्धेवर खुला वाद घालण्याच्या मंडळात, एलिझाबेथ अँस्कम्ब या तरुण तत्त्वज्ञ बाईने या प्रकरणाची चिरफाड केली. त्या स्वतः निष्ठावंत कॅथलिक होत्या, म्हणजे नास्तिक विरुद्ध आस्तिक असा हा सामना नव्हता. त्यांचा आक्षेप असा की लुईस 'म्हणून' या एकाच शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी घालतो. शेजारचे आजोबा म्हणतात, 'सिंहगडाकडे ढग दाटलेत, म्हणून पाऊस येणार.' आजी म्हणते, 'यांचा गुडघा दुखतोय म्हणून हे असं म्हणतात.' आजींचं म्हणणं खरं असलं तरी आजोबांचा अंदाज त्यामुळे खोटा ठरत नाही. पहिलं 'म्हणून' समर्थन देतं, दुसरं बोलण्यामागचं कारण सांगतं.

आक्षेप लागला. लुईसने तो मानला, प्रकरण नव्याने लिहिलं, त्याचं शीर्षक बदललं आणि १९६० मध्ये सुधारित आवृत्ती काढली. त्या दुरुस्तीत लुईसचा प्रामाणिकपणा आणि गांभीर्य दिसतं, असं अँस्कम्बबाईंनी पुढे लिहून ठेवलं आहे. ज्याने तर्क सोडला तो बारा वर्षांनी तेच प्रकरण दुरुस्त करत बसत नाही.

शिवाय तारखा पाहा. मंगळावर घडणारी 'आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट' १९३८ ची. एका वरिष्ठ सैतानाने पुतण्याला लिहिलेली 'स्क्रूटेप लेटर्स' १९४२ ची. 'पेरेलँड्रा' १९४३ ची. अद्भुतकथा तो आधीपासून लिहीत होता. बर्फाळ रानात छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला फॉन (अर्धा माणूस, अर्धा बोकड) हे नार्नियाचं मूळ चित्र तर आपल्या मनात सोळाव्या वर्षापासून होतं, असं त्याने सांगितलं आहे. पराभवाची कहाणी नाट्यमय आहे म्हणून टिकली. पुराव्यापुढे ती टिकत नाही.

नार्निया म्हणजे बायबलचं रूपकच ना?

लुईसने हे नाकारलं. त्याच्या लेखी रूपककथेत प्रत्येक पात्र कशाची तरी खूण असतं. नार्निया ही कल्पना करून पाहणं आहे: समजा, बोलणाऱ्या प्राण्यांचा एक देश आहे आणि आपल्या जगात जे तारण झालं ते तिथेही व्हायचं आहे, तर ते कसं होईल? तिथे ख्रिस्त अ‍ॅस्लन नावाचा सिंह होऊन येईल. अ‍ॅस्लन म्हणजे ख्रिस्ताचं चिन्ह नव्हे. त्या जगात तो ख्रिस्तच आहे. वाचकाला हा फरक केस चिरल्यासारखा वाटेल, पण वाचनाची पद्धत त्याने बदलते. रूपक म्हटलं की लोक कोडं सोडवायला बसतात, 'कपाट म्हणजे काय, खांब म्हणजे काय' अशी यादी करतात आणि दगडी मेजावर सिंह मरतो तेव्हा कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. लुईसला हेच टाळायचं होतं. लहानपणी 'असं वाटलंच पाहिजे' या सक्तीनेच आपली भावना गोठली होती, असं तो म्हणतो. गोष्टीला त्या सक्तीच्या पहारेकऱ्यांना चुकवून आत जाता येतं.

याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण १९५३ सालच्या 'द सिल्व्हर चेअर'मधलं. जमिनीखालच्या राज्याची राणी विस्तवात हिरवी पूड टाकते. गोड, जड वास पसरतो. ती तंतुवाद्य छेडत मृदू आवाजात बोलत राहते. वर जग आहे म्हणता? सूर्य आहे? तो कसा दिसतो? दिव्यासारखा? मग तुम्ही दिवा पाहिलात आणि त्याहून मोठा, चांगला दिवा मनाने रचलात. सिंह? मांजर पाहिलीत आणि मोठी मांजर रचलीत. मुलं आणि राजपुत्र हळूहळू मान डोलावू लागतात. तेवढ्यात पडलग्लम हा कायम रडका, पाणथळीतला, बदकासारख्या पायांचा गडी उठतो आणि अनवाणी पायाने विस्तव तुडवतो. जळलेल्या कातडीचा वास सुटतो आणि सगळ्यांची झापड उतरते. वेदनेने त्याचं स्वतःचं डोकंही लख्ख होतं. तो म्हणतो: समजा, झाडं, गवत, सूर्य, चंद्र, अ‍ॅस्लन हे सगळं आम्ही रचलं. मग आम्ही रचलेलं जग तुझ्या खऱ्या जगापेक्षा कितीतरी सरस आहे. अ‍ॅस्लन नसला तरी मी अ‍ॅस्लनच्याच बाजूचा.

'देव म्हणजे माणसाच्या इच्छेचा पडद्यावर पडलेला मोठा आकार' हा तत्त्वज्ञ फॉयरबाख आणि मनोविश्लेषक फ्रॉइड यांचा आक्षेप इथे राणीच्या तोंडी आहे. आणि मध्ययुगीन धर्मपंडित अन्सेल्मचा अस्तित्वविषयक युक्तिवाद, म्हणजे देवाच्या कल्पनेतूनच त्याचं असणं सिद्ध होतं हा मुद्दा, आपण मुलांना समजेल अशा रूपात या प्रकरणात घातला, असं लुईसने एका पत्रात म्हटलं आहे. दहा वर्षांच्या मुलाला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला जळका वास येतो, तेवढं पुरतं.

टॉल्किनला नार्निया आवडलं नव्हतं म्हणे?

नाही आवडलं. एकाच गोष्टीत फॉन, फादर ख्रिसमस आणि बोलणारे बीव्हर असं सरमिसळ जग त्याला पटत नसे. स्वतःच्या जगाच्या भाषा, वंशावळी, नकाशे तो वर्षानुवर्षं घडवत होता.

पण 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये देवाचं नावही नाही. तिथे ख्रिस्ती काय?

प्रार्थनामंदिर नाही, धर्मगुरू नाहीत, उपासना जवळपास नाही. तरीही १९५३ मध्ये एका धर्मगुरू मित्राला टॉल्किनने लिहिलं की ही मुळात धार्मिक आणि कॅथलिक कृती आहे. आधी नकळत, पुनर्लेखनात जाणीवपूर्वक. धार्मिक घटक कथेतच मुरला आहे म्हणून बाहेरची चिन्हं आपण काढून टाकली, असा त्याचा खुलासा होता.

कुठे मुरला आहे? शेवट पाहा. सगळ्यांना गुलाम करू शकणारी दुष्ट अंगठी आगीत नष्ट करायची कामगिरी फ्रोडो या नायकावर आहे. तो ती घेऊन ज्वालामुखीच्या कड्यापर्यंत पोहोचतो आणि तिथे हरतो. अंगठी टाकायला नकार देतो. एवढा सोसलेला, भला जीव ऐन क्षणी मोडतो. मग त्याच अंगठीच्या हव्यासाने झपाटलेला गॉलम झडप घालतो, बोट चावून तोडतो, आनंदाने नाचतो आणि तोल जाऊन पडतो. गॉलम जिवंत का होता? आधी फ्रोडोच्या नातलगाने, बिल्बोने, आणि मग फ्रोडोने त्याच्यावर दया केली म्हणून. फ्रोडोची इच्छाशक्ती जिंकत नाही. कधीतरी दाखवलेली दया, जिच्या फळाची कुणालाच कल्पना नव्हती, ती जग वाचवते. ख्रिस्ती परंपरेत याला कृपा म्हणतात आणि टॉल्किन तो शब्द कुठेही उच्चारत नाही. अंगठी नष्ट होण्याची तारीख त्याने २५ मार्च ठेवली. येशूच्या जन्माची वार्ता मरियेला मिळाली त्या सणाचा तो दिवस.

परीकथांवर त्याने १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात व्याख्यान दिलं. त्यात तो म्हणतो की सगळं संपलं असं वाटत असताना कथेला अचानक मिळणारी आनंदाची कलाटणी हा परीकथेचा प्राण आहे. तो दुःख नाकारत नाही, अंतिम पराभव नाकारतो. आणि पुनरुत्थान ही मानवी इतिहासातली तशीच कलाटणी आहे. १९३१ च्या त्या रात्रीचाच हा धागा.

हिंदू धर्माबद्दल लुईसला काही माहिती होती का?

पुस्तकी होती, आणि आदर खरा होता. विचारांती आपल्यापुढे हिंदू धर्म आणि ख्रिस्ती धर्म असे दोनच पर्याय उरले होते, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलं. ते आत्मचरित्र, 'सरप्राइज्ड बाय जॉय', १९५५ मध्ये आलं आणि ते त्याने बीड ग्रिफिथ्स या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला अर्पण केलं. ग्रिफिथ्स तोवर बेनेडिक्टाइन संन्यासी झाले होते. त्याच वर्षी ते भारतात आले, पुढे केरळात आणि मग तमिळनाडूतल्या शांतिवनम् आश्रमात राहिले, भगवी वस्त्रं घातली, उपनिषदं वाचत ख्रिस्ती उपासना केली. गुरूने ग्रंथांतून पाहिलेला देश शिष्याने जगून पाहिला.

कमतरता कॅलोरमेनच्या, म्हणजे नार्नियाच्या दक्षिणेकडच्या शत्रुदेशाच्या चित्रणात दिसते. सावळे, फेटे घालणारे, क्रूर देवाचे उपासक असे ते लोक रंगवताना लुईस 'अरबी सुरस कथां'च्या इंग्रजी साच्यात अडकला. हे वाचताना मला त्रास होतो आणि वर्गात मी ते लपवत नाही. पण त्याच मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात एमेथ हा कॅलोरमेन सैनिक येतो. आयुष्यभर त्याने टॅश या परक्या देवाची मनापासून सेवा केली. अ‍ॅस्लन त्याला सांगतो की तू खऱ्या मनाने जे केलंस ते मला पोहोचलं. अनेक कर्मठ ख्रिस्ती वाचकांना हा प्रसंग आजही खुपतो. मला वाटतं, इथे लुईसमधला कथाकार त्याच्यातल्या वादपटूच्या पुढे गेला.

हे सगळं इंग्रजांचं झालं. मराठीत असं काही आहे का?

आहे, आणि लुईसच्या तीनशे वर्षं आधीपासून आहे. हे सांगण्यासाठीच मी हा अभ्यास पुण्यात बसून करते.

थॉमस स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक संघाचा इंग्रज धर्मप्रसारक १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. हजारो ओव्या, घाट पुराणाचा. 'जैसी हरळामाजि रत्नकिळा, कि रत्नामाजि हिरा निळा, तैसी भासांमाजि चोखळा भासा मराठी' ही ओळ शाळेत आपण सगळ्यांनी ऐकली. ती या ग्रंथातली. लोकांना वाद नको, पुराण हवं, हे त्याने ओळखलं. याला दुसरी बाजूही आहे: पोर्तुगीज सत्तेने जुन्या पोथ्या नष्ट केल्या, त्याच गोव्यात हे पुराण जन्मलं. ते सौंदर्य आणि ती जबरदस्ती, दोन्ही एकत्रच वाचावी लागतात.

एकोणिसावं शतक वादाचं. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. त्याच वर्षी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. विधवांच्या दुःखावरची ही कादंबरी ख्रिस्ती लेखकाने श्रद्धेच्या अंगाने लिहिली, आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. म्हणजे आपल्या कादंबरीच्या उगमाशीच हा विषय उभा आहे. काशीत वाढलेले नीलकंठशास्त्री गोरे यांनी तरुणपणी ख्रिस्ती मताचं खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला, १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नेहेम्या गोरे या नावाने सहा दर्शनांची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला. दोन्ही बाजूंनी इतक्या ताकदीने लढलेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

गोऱ्यांच्या विचारांचा पंडिता रमाबाईंवर प्रभाव पडला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रव्यवहार प्रत्येक अभ्यासकाने वाचावा. आज्ञा म्हणून काहीही मानायला त्या तयार नव्हत्या. त्रैक्यावर, चर्चच्या अधिकारावर त्या प्रश्न विचारत राहिल्या. १८९० मध्ये त्यांचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं. बऱ्याच वर्षांनी त्यांनी लिहिलं की बुद्धीला पटून आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला नंतर वेळ लागला. युक्तिवादाची पोहोच कुठवर आणि त्यापुढे काय, यावर मी वाचलेलं हे सर्वांत स्वच्छ वाक्य आहे.

आणि मग नारायण वामन टिळक. १८९५ चा बाप्तिस्मा. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्यांनी वादग्रंथांवर भर दिला नाही. अभंग लिहिले, भजनं लिहिली, 'ख्रिस्तायन' हाती घेतलं. ते अपुरं राहिलं तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. 'उपासना संगीत'मधली टिळकांची पदं पुण्यातल्या मराठी उपासनेत पेटी-तबल्यावर आजही म्हटली जातात. माझी आजी त्यातली कितीतरी तोंडपाठ म्हणायची आणि तिला एकही युक्तिवाद ठाऊक नव्हता. टिळक १९१९ मध्ये गेले. लुईस तेव्हा अजून नास्तिक होता.

हा धर्मप्रसार आहे का?

मी ख्रिस्ती आहे, श्रद्धा ठेवते आणि ते सांगते. वर्गात मात्र माझं काम वाचायला शिकवणं हे आहे. ज्याला लुईसचा मुद्दा खोडता येतो त्याला मी तो नीट खोडायला मदत करते. सॉक्रेटिक क्लबाचा लुईस अनेक वर्षं अध्यक्ष होता आणि तिथे नास्तिक वक्त्यांना मुद्दाम बोलावलं जाई. मला तो नमुना मान्य आहे. पुण्यात १८९० मध्ये पंच हौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक वगैरे मंडळींनी घेतलेल्या चहावरून केवढं प्रकरण पेटलं होतं हे आठवलं की एका टेबलाशी बसून मोकळेपणी मतभेद मांडता येणं मला फार मोलाचं वाटतं.

वाद घालून कुणाची श्रद्धा वाढते का?

घालणाऱ्याची तर बहुधा कमीच होते. १९४५ मध्ये धर्मगुरूंपुढे बोलताना लुईसने बजावलं होतं की समर्थकाच्या श्रद्धेला त्याच्याच कामाइतका धोका दुसऱ्या कशाचा नाही. नुकत्याच जिंकलेल्या वादात ज्या तत्त्वाचा बचाव केला तेच सर्वांत पोकळ वाटू लागतं. स्वतःच्या हजरजबाबीपणापासून मला सोडव, अशी त्याची एक प्रार्थनापर कविताही आहे. त्याच भाषणात तो म्हणतो की ख्रिस्ती धर्मावरची आणखी छोटी पुस्तकं नकोत. ख्रिस्ती लोकांनी इतर विषयांवर लिहिलेली चांगली पुस्तकं हवीत. नार्नियाचं पहिलं पुस्तक त्यानंतर पाच वर्षांनी आलं.

सुरुवात कुठून करू? पुस्तकं कुठे मिळतील?

गोष्टी आवडत असतील तर नार्निया. वाद आवडत असेल तर 'मिअर ख्रिश्चॅनिटी', पण सोबत अँस्कम्बबाईंचा आक्षेप वाचा. दुःखात असाल तर 'अ ग्रीफ ऑब्झर्व्हड्': पत्नीच्या मृत्यूनंतर लुईसने १९६१ मध्ये टोपणनावाने छापलेली टिपणं. त्यात तयार उत्तरं नाहीत आणि म्हणूनच मी ते सर्वांत जास्त लोकांच्या हाती दिलं आहे. मराठीच वाचायचं असेल तर लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे'. इंग्रजी कथापुस्तकं पुण्यातल्या मोठ्या दुकानांत सहज मिळतात. धर्मशास्त्राचे ग्रंथ हवे असतील तर बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि नगर रस्त्यावरचं ज्ञानदीप विद्यापीठ इथे चौकशी करा. ग्रंथालय वापरायची परवानगी आधी विचारून घ्यावी.

नार्नियाची सात पुस्तकं कोणत्या क्रमाने वाचायची?

हल्लीच्या संचांवर 'द मॅजिशियन्स नेफ्यू'ला पहिला क्रमांक असतो, कारण नार्नियाची निर्मिती त्यात आहे. १९५७ मध्ये एका अमेरिकन मुलाने हाच क्रम बरा का असं विचारलं तेव्हा लुईसने त्याला दुजोरा दिला. मात्र क्रमाने फारसा फरक पडत नाही, असंही लिहिलं. मी तरी प्रकाशनाच्या क्रमाने, म्हणजे १९५० च्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'पासून वाचायला सांगते. त्यात बीव्हर अ‍ॅस्लनचं नाव पहिल्यांदा घेतो तेव्हा चारही मुलांना ते नाव कुणाचं हे माहीत नसतं, तरी प्रत्येकाच्या आत काहीतरी हलतं. वाचणाऱ्यालाही ते तोवर माहीत नसलेलंच बरं.